परिषदेला दोघी, तयारी सगळ्या घराची

आमच्या घरात दरवाजामागच्या खुंटीवर दोन काळे कोट टांगलेले असतात. एक सुनेचा, एक लेकीचा. आम्ही नणंद-भावजय, दोघीही पनवेलच्या कोर्टात वकिली करतो. लेकीला सनद मिळून तीन वर्षं झाली. सुनेची सनद लग्नाआधीची, पण मधली दोन वर्षं बाळंतपण आणि घर यांत गेली. आता मुलगा चौदा महिन्यांचा आहे आणि कोट पुन्हा खुंटीवरून खाली उतरू लागला आहे.

१८ मे २०२५ चा रविवार आम्हाला चांगला आठवतो. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाने त्या दिवशी मुंबईत वकिलांची परिषद आणि तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांचा सत्कार ठेवला होता. पनवेलहून मुंबई ती किती लांब? हार्बरच्या लोकलमध्ये बसलं की दीड तासाच्या आत आपण सीएसएमटीला. तरीही आम्ही गेलो नाही. त्या दिवशी नात्यातलं एक लग्न होतं आणि आम्ही दोघी दुपारभर पंगतीत वाढत होतो. न्यायपालिका किंवा कार्यपालिका नव्हे, तर देशाची राज्यघटना सर्वश्रेष्ठ आहे, असं सरन्यायाधीश तिथे म्हणाले, हे आम्ही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं.

खरं सांगायचं तर आम्हाला जाऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही घरात विचारलंच नव्हतं. ‘लग्न सोडून कसं जायचं’, ‘बाळाला कोण बघणार’, ‘अम्मी काय म्हणतील’ या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आम्ही आमच्याच मनात देऊन मोकळ्या झालो होतो. हे अब्बांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बेटा, अर्ज न करताच तुम्ही तो फेटाळून घेतलात.”

पावसाळा सरता सरता पुण्यात वकिलांची दोन दिवसांची एक परिषद असल्याचं कळलं, तेव्हा आम्ही पहिल्यांदा घरात विचारलं. हा लेख त्या दोन दिवसांविषयी आहे. आपल्या घरांतल्या अनेक मुली आता कायदा शिकत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणाला अशा परिषदेला जायचं असेल, तर तिला आणि तिला पाठवणाऱ्या घराला काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात, एवढाच हेतू.

नाव नोंदवताना

परिषदेची माहिती बहुतेक वेळा बाररूमच्या नोटीस बोर्डावर किंवा वकील संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. फीमध्ये जेवण धरलं आहे का? राहण्याची सोय आहे की ती वेगळी करायची? नवीन वकिलांना सवलत आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला आम्हाला संकोच वाटत होता. विचारल्यावर कळलं की सवलत होती, फक्त पत्रकावर छापायची राहिली होती. पैसे मोबाइलवरून पाठवणार असाल तर खातं संस्थेच्या नावाचं आहे की कोणा एका माणसाच्या, हे बघूनच पाठवा आणि पावती जपून ठेवा.

तारीख ठरवण्याआधी आपली डायरी बघा. आपल्याकडे कोर्टांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणून अशा परिषदा बहुधा त्या शनिवार-रविवारी असतात. पण सोमवारी सुनावणी असेल तर तिची तयारी शुक्रवारीच संपवावी लागते. परिषदेला जायचं म्हणून पक्षकाराची तारीख पुढे ढकलणं आम्हाला योग्य वाटत नाही. तो माणूसही एक दिवसाची मजुरी बुडवून कोर्टात आलेला असतो.

आमची एक चूक इथेच सांगून टाकतो. सुनेच्या सनदेवर तिचं माहेरचं नाव आहे आणि आधार कार्डावर सासरचं. नोंदणीच्या वेळी आम्ही सासरचं नाव लिहिलं. पुण्यात पहिल्या दिवशी ओळखपत्र घेताना टेबलावरच्या माणसाने सनदेचं कार्ड मागितलं आणि दोन नावं जुळेनात. मागे रांग वाढत होती. शेवटी मोबाइलमध्ये निकाहनाम्याचा फोटो सापडला म्हणून निभावलं, पण पहिलं सत्र सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. तेव्हा सनदेवर जे नाव आहे त्याच नावाने नोंदणी करा. बार कौन्सिलचं ओळखपत्र, आधार कार्ड, फी भरल्याची पावती आणि नाव बदललं असेल तर त्याचा कागद, हे सगळं एका पाकिटात घालून पर्समध्ये ठेवा. खोली घेऊन राहणार असाल तर तिथेही आधार कार्ड लागतंच.

कपडे आणि कार्ड

दादींनी विचारलं, “काळा झगा घालून जाणार का?” हा प्रश्न वरवर साधा असला तरी उत्तर नियमातच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे गाऊन आणि गळ्याची पांढरी पट्टी म्हणजे बँड कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचे नसतात. बार कौन्सिलने किंवा कोर्टाने ठरवून दिलेले समारंभच काय ते अपवाद. म्हणून निमंत्रणात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर साधे, नीटनेटके कपडे पुरे. आम्ही पांढऱ्या सलवार-कुर्त्यावर काळा कोट घातला होता आणि एकीचा नेहमीचा स्कार्फ डोक्यावर होता. कोणी वळूनही बघितलं नाही. चप्पल मात्र पायाला सवयीची असू द्या. आम्ही एकीने नवीन सँडल घातली आणि दुसऱ्या दिवशी तिला लंगडत फिरावं लागलं.

ओळखीसाठी छापील कार्ड न्यायला हरकत नाही, पण वकिलाला स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे, हे विसरू नये. कार्डावर आपण अमुक प्रकारच्या केसमध्ये तज्ज्ञ आहोत किंवा अमुक संघटनेचे पदाधिकारी आहोत, असं लिहिता येत नाही. नाव, सनद, पत्ता आणि फोन एवढं पुरे. परिषदेतले फोटो मोबाइलवर टाकतानाही हे भान असावं.

प्रवास, मुक्काम, नमाज, जेवण

पनवेलहून पुण्याला एसटी भरपूर. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत महिलांना तिकीट निम्म्या दरात मिळतं, त्यामुळे दोघींचा प्रवास एकीच्या भाड्यात झाला. फक्त पावसाळ्यात आणि शनिवारच्या सकाळी बोरघाटात गाड्या अडकतात, म्हणून आम्ही शुक्रवारी संध्याकाळीच निघालो.

मुक्कामावरून घरात थोडी चर्चा झाली. अम्मींचं म्हणणं, कोंढव्यात फूफी असताना लॉजवर का राहायचं? म्हणून आम्ही फूफींकडे उतरलो. तिथे प्रेमाला तोटा नव्हता, पण रात्री बारापर्यंत गप्पा आणि सकाळी नाश्त्याचा आग्रह. शिवाय सभागृह शहराच्या दुसऱ्या टोकाला. नातेवाइकांकडे उतरायचं असेल तर आधीच प्रेमाने सांगून ठेवा, “आम्ही कामाला आलो आहोत, साडेआठला निघणार, रात्री लवकर झोपणार.” नाहीतर त्यांचा पाहुणचार आणि आपली परिषद, दोन्ही अर्धी राहतात.

नमाजची काळजी आम्हाला जास्त होती. कार्यक्रमपत्रिका बघितली तर जुहर जेवणाच्या सुट्टीत बसत होती आणि असर चहाच्या सुट्टीत. जागेचा प्रश्न होता. आम्ही दोन दिवस आधी संयोजकांना फोन करून विचारलं, “थोडा वेळ नमाज पढायला एखादी रिकामी खोली मिळेल का?” तिथल्या एका कार्यकर्त्या ताईंनी रंगमंचामागची कपडे बदलायची खोली उघडून दिली आणि दोन्ही दिवस वेळेवर किल्ली घेऊन त्या स्वतः आल्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला उशीर झाला तर त्याच शोधत आल्या, “अहो, तुमची वेळ झाली ना?” विचारल्याशिवाय समोरच्याला आपली गरज कळत नाही, हे आम्ही इथेही शिकलो. एक पातळ जानमाज आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. सफरमधल्या नमाजचे मसले आपापल्या मसलकाप्रमाणे निघण्याआधीच आलिमसाहेबांना विचारून घ्या. परिषद शुक्रवारी असेल तर जवळची मशीद आणि जुम्याची वेळही आधी बघून ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर नोंदणीच्या कागदावर शाकाहारी या चौकटीत खूण केली आणि प्रश्न मिटला. अम्मींनी दिलेल्या चपात्या आणि सुक्या जवळ्याची चटणी परतीच्या एसटीत संपली.

सभागृहात

पहिल्या दिवशी आम्ही दोघी शेवटच्या रांगेत, एकमेकींना चिकटून बसलो. दुपारनंतर ठरवलं, वेगळं बसायचं. दोन सत्रं एकाच वेळी दोन दालनांत होती, तेव्हा एक इकडे, एक तिकडे. रात्री वह्या बदलून वाचल्या. दोघी-तिघी मिळून जाणाऱ्यांनी हे जरूर करावं.

एक सत्र नव्या फौजदारी कायद्यांवर होतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीचं जे कलम सगळ्यांना १२५ या आकड्याने ठाऊक होतं, ते आता १४४ झालं. ज्या भावजयीने दोन वर्षं कोट घातला नव्हता, तिच्यासाठी हे सत्र फार मोलाचं होतं. मधल्या काळात कायद्यांची नावं बदलली, आकडे बदलले आणि आपण मागे राहिलो, ही भीती तिला आत कुठेतरी खात होती. ती तिने आम्हा कोणाला बोलून दाखवली नव्हती. त्या दालनात पंचवीस-तीस वर्षं वकिली केलेली माणसंही जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी लिहून घेताना दिसली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

त्याच सत्रात तिने हात वर केला. आमच्याकडे पोटगीचं एक प्रकरण आहे. नाव-गाव इथे सांगणार नाही आणि तिथेही सांगितलं नाही. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर न बोलण्याचं बंधन वकिलावर आहे. ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि जेवणाच्या टेबलावरही ते लागू असतं. तिने प्रश्न फक्त एवढाच विचारला, नवरा म्हणतो उत्पन्न नाही आणि बाईकडे एकही कागद नाही, तर मिळकतीचं प्रतिज्ञापत्र भरायचं कसं?

सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं आहे की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर द्यावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. हा निकाल आम्हाला माहीत होता. पण उत्तर देणाऱ्या ज्येष्ठ वकीलबाईंनी जे सांगितलं, ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, बाईकडे उत्पन्नाचा कागद नसतो, पण खर्चाचा असतो. दुधाचं कार्ड, मुलांच्या शाळेची पावती, विजेचं बिल, औषधाच्या चिठ्ठ्या, घरभाड्याची नोंद. तिला समोर बसवा, महिन्याचा एकेक खर्च विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या. आमच्या वहीतल्या त्या पानाभोवती अजूनही पेनाची चौकट आहे.

याच सत्रात सर्वोच्च न्यायालयाच्या १० जुलै २०२४ च्या निकालाचाही उल्लेख झाला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते, असं त्या निकालात म्हटलं आहे. आपल्या मोहल्ल्यांतल्या अनेक बायकांना हे अजून माहीत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हेही माहीत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तसं लिहिलेलं आहे. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो.

भाषणांइतकंच चहाच्या रांगेतही शिकायला मिळालं. सोलापूरच्या एका वकीलबाई भेटल्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि त्यांचा जिल्हा मुंबईऐवजी कोल्हापूरला जोडला गेला. पक्षकारांना आता मुंबईत उतरायची जागा शोधावी लागत नाही, असं त्या सांगत होत्या. आम्ही पनवेलकर मुंबईच्या इतक्या जवळ राहतो की हायकोर्ट लांब असणं म्हणजे काय, याचा कधी विचारच केला नव्हता.

शनिवारची रात्र

आता जे सांगायचं आहे ते वकिलीचं नाही, घराचं आहे.

जाण्याआधी आठवडाभर घरात तयारी चालली होती. बाळाच्या खाण्याच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या. अब्बांनी सकाळची जबाबदारी घेतली, अम्मींनी रात्रीची. बाळाच्या वडिलांनी, म्हणजे एकीच्या नवऱ्याने आणि दुसरीच्या भावाने, शनिवारची सुट्टी टाकली. दिवसातून दोनदा फोन, दुपारी दोनला आणि रात्री नऊला, असं ठरलं.

शनिवारी रात्री नऊच्या फोनवर अम्मी म्हणाल्या, “सगळं ठीक आहे, झोपलाय.” रविवारी दुपारी दोनच्या फोनवर मात्र मागून दादींचा आवाज आला, “आता ताप उतरलाय म्हणून सांग.”

बाळाला शनिवारी संध्याकाळपासून ताप होता. रात्री डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. औषध दिलं, अम्मी रात्रभर बसून होत्या आणि सकाळी ताप उतरला. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं.

परतीच्या एसटीत भावजय खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. घरी आल्यावर बाळाला छातीशी धरून ती अम्मींना म्हणाली, “मला सांगायला हवं होतं.” अम्मी म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तू रात्रीच निघाली असतीस. मग पुढच्या वेळी गेलीच नसतीस. मी तीन मुलं वाढवलीत, ताप मला कळतो.”

दोघींचंही खरं होतं. आईला आपल्या मुलाचा ताप कळायलाच हवा. आणि सासूने एक रात्र जागून सुनेची वाट मोकळी ठेवली, हेही तितकंच मोठं. ज्या दालनात तिने प्रश्न विचारला, त्यामागे कोणाचे तरी जागरण होते, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन दिवस घरात थोडा ताण राहिला. मग अब्बांनी सगळ्यांना बसवलं आणि एक नियम ठरला. घरून खरं काय ते नेहमी कळवायचं, लपवायचं नाही. पण त्याबरोबर आपलं मतही सांगायचं, “यायची गरज आहे” किंवा “यायची गरज नाही, आम्ही आहोत.” निर्णय जाणारी घेईल. आणि तिने न येण्याचा निर्णय घेतला, तर नंतर कोणी तिला त्यावरून टोचून बोलायचं नाही.

आमच्या मते परिषदेला जाण्याआधी घरात हा नियम ठरवून घेणं ओळखपत्राइतकंच गरजेचं आहे.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत वही साफ करून लिहा, नाहीतर महिनाभराने आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही. भेटलेल्यांपैकी दोघा-तिघांना साधा संदेश पाठवा. जे शिकलात ते बाररूममध्ये सांगा. आमच्या वहीतल्या नव्या-जुन्या कलमांच्या तक्त्याच्या झेरॉक्स पनवेलच्या बऱ्याच ज्युनियर मुलींकडे पोचल्या आहेत.

आमची ती पक्षकार भगिनी पुढच्याच आठवड्यात घरी आली. तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि एकेक खर्च विचारला. दूध, रेशन, मुलाची फी, आईच्या गुडघ्याचं औषध. सुरुवातीला ती म्हणत होती, “माझ्याकडे कागद नाहीत हो.” तासाभराने पिशवीतून एकवीस पावत्या निघाल्या. प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल झालं आहे. निकाल यायचा आहे, तिच्यासाठी दुआ करा.

त्या रात्री दादींनी विचारलं, “आधी बायका वकील नसायच्या ना?” अब्बा म्हणाले, नसायच्या. १९२३ च्या कायद्याने बायकांना वकिली करायची मुभा मिळाली. आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायाधीश झाली, ती केरळची फातिमा बीवी. दादी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग बाळाला थोपटत म्हणाल्या, “तिच्या घरीही कोणीतरी जागत असेल.”

पुढच्या परिषदेचं पत्रक बाररूममध्ये लागलं आहे. यंदा आम्ही विचारण्याआधीच अम्मींनी विचारलं, “तारीख कोणती?”